सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (अनेक खाद्यस्टॉल एकत्र असलेल्या ठिकाणी) एकट्याने जेवायला गेल्यास आधी जागा धरावी की आधी पदार्थ घ्यावा?

दुपारच्या गर्दीत आधी जागा धरावी आणि मगच रांगेत उभे राहावे. तेथील टेबले सर्व स्टॉलांना सामायिक असतात, आणि खुर्चीसमोर टिश्यू पेपरचे लहानसे पुडके ठेवले की ती जागा घेतलेली आहे असे मानण्याचा रिवाज, ज्याला तेथे ‘चोप’ करणे म्हणतात, लोक सहसा पाळतात. त्यामुळे एकट्या माणसालाही निर्धास्तपणे रांगेत जाता येते. पहिल्या भेटीसाठी मी मॅक्सवेल फूड सेंटरमधील हैनानी चिकन राइस आवर्जून सुचवेन. त्यातला भात कोंबडीच्या चरबीत आले-लसूण परतून तिच्याच रश्श्यात शिजवलेला असतो, आणि माझ्या मते या पदार्थाची खरी गोडी कोंबडीपेक्षा त्या भातातच आहे. नेमक्या याच कारणाने शाकाहारी व्यक्तीने ‘नुसता भात द्या’ असे सांगून भागत नाही; लाक्सा (नारळाच्या दुधातला मसालेदार नूडल्सचा रस्सा) आणि सांबल (मिरचीची चटणी) यांतही बहुधा सुकी कोळंबी किंवा तिचे वाटण असते. शाकाहारींसाठी लिटल इंडिया या भागातील टेक्का सेंटर अधिक सोयीचे आहे, कारण तेथे भारतीय शाकाहारी स्टॉल आहेत. जेवण झाल्यावर ट्रे ठरावीक जागी स्वतः नेऊन ठेवावा. 2021 पासून ते बंधनकारक आहे.