बुवाच्या गोटात गेलेलं माणूस: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले पाच प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, म्हणून एकत्र घेतलेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न: मुलगी २४ वर्षांची, पुण्यात नोकरीला होती. मैत्रिणीच्या ओळखीनं एका साधना केंद्रात जाऊ लागली, आता नोकरी सोडून तिथंच राहते. फक्त रविवारी फोन करते. तिच्या वडिलांनी ‘तो बुवा लबाड आहे’ असं सुनावल्यापासून तोही दोन मिनिटांत ठेवते. चार माणसं गाडी घेऊन जावं आणि तिला उचलून आणावं, असं घरात चाललंय. — एक आई, तासगाव

गाडी काढू नका. मुलगी सज्ञान आहे. मनाविरुद्ध आणून कोंडलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. शिवाय ‘घरचे तुझ्या साधनेचे वैरी’ हे तिला तिथं ऐकवत असतील, तर ते तुम्ही स्वतःच खरं करून दाखवाल. अमेरिकेत १९७० च्या दशकात पालक पैसे मोजून मुलांना पंथांतून पळवून आणवत, खोलीत डांबून दिवसचे दिवस त्यांची समजूत घालायला लावत. काही मुलं सुटली, काही संधी मिळताच परत पळाली, आणि पळवणाऱ्यांवर खटले झाले. पुढे या कामातल्या बहुतेकांनी जबरदस्ती सोडून संमतीनं बोलायची रीत धरली.

पोरगी खुळी म्हणून गेली, हेही डोक्यातून काढा. पहिल्या दिवशी कुणी बुवाच्या पायावर डोकं ठेवायला सांगत नाही. सुरुवातीला मिळते ती आपुलकी: वाढदिवसाला फोन, तापात डबा. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलीला एवढं पुष्कळ होतं. मग रविवारची दोन तास सेवा, मग पहाटे चारचं नामस्मरण आणि रात्री अकरापर्यंत सत्संग. रोजची झोप चार-पाच तासांवर आली की शंका काढायचं त्राणच राहत नाही. ‘मन मोकळं करा’ म्हणून वहीत लिहून घेतलेली गुपितं पुढे लगामासारखी वापरली जातात. सगळ्यात पक्कं कुलूप शंकेला दिलेल्या नावाचं असतं: ‘हा तुझा अहंकार बोलतोय.’ एकदा हे पटलं की मनात आलेला प्रत्येक प्रश्न तिला स्वतःचाच दोष वाटतो. चीनच्या तुरुंगातून सुटून आलेल्यांचा १९५० च्या दशकात अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी मन ताब्यात घेण्याच्या मांडलेल्या खुणांत कबुलीजबाब, ठरावीक भाषा आणि बाहेरच्यांशी तोडलेला संपर्क या तिन्ही आहेत.

वडिलांचं बोलणं खरं असूनही फुकट गेलं ते यामुळेच. बुवाला लबाड म्हटलं की ती बुवाची वकिली करते, आणि स्वतःच्या तोंडून केलेली वकिली स्वतःलाच पटत जाते. म्हणून रविवारच्या फोनवर बुवाचं नाव काढायचं नाही. दहा मिनिटांतली नऊ घरची: बागेची छाटणी, आजीचा गुडघा, मामेबहिणीचं ठरलेलं लग्न. मग एकच प्रश्न: ‘तिथं झोप होते का गं?’ किंवा ‘लग्नाला दोन दिवस यायचं म्हटलंस तर कुणाला विचारावं लागेल?’ उत्तर अडखळत आलं तरी ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणू नका. गप्प राहा, ते उत्तर तिचं तिच्यापाशी राहू द्या. फोन स्पीकरवर आहे असं धरूनच बोला. आणि वडिलांनी एकदा ‘त्या दिवशी मी तोडून बोललो’ एवढं म्हणावं. बुवा चांगला आहे असं म्हणायची गरज नाही.

मागेल तेव्हा रोख पाठवू नका, ती केंद्रात जाते. चष्मा, चप्पल, औषधं द्या. मूळ प्रमाणपत्रं घरी असतील तर घरीच ठेवा. प्रत्येक फोनची तारीख, ती काय म्हणाली, किती पैसे मागितले हे वहीत टिपा, पुढे पोलिसांना किंवा वकिलाला तेच लागतं. फोन ठेवताना दर वेळी सांगा की रात्री दोनला आलीस तरी दार उघडू आणि काही विचारणार नाही. नंतर खरंच विचारू नका. हे सगळं महिन्यांचं काम आहे, आठवड्यांचं नव्हे.

ती ‘मला सोडत नाहीत’ म्हणाली तर मात्र वाट पाहायची नाही. ११२ ला फोन, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, गरज पडली तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी. सातारा-सांगलीकरांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. पण न्यायाधीशांसमोर ती ‘माझ्या मर्जीनं राहते’ म्हणाली, तर याचिका तिथंच संपते. त्यामुळे ती फोनवर काय म्हणते ते नीट ऐका.

प्रश्न: मग माळकरी आणि असले पंथ यांत फरक काय? आमचं घर तीन पिढ्या वारीचं. — फलटण

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत जाते, आणि पंढरपूरहून वारकरी आपापल्या शेताला परततो. कुणी त्याचा पगार मागत नाही, बायकोशी बोलू नको म्हणत नाही. आमची कसोटी देव कोणता याची नसून दार किती उघडं आहे याची आहे. सोडून गेलेल्याबद्दल काय बोलतात? जमाखर्च दाखवतात का? नोंदणीकृत न्यास असेल तर त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहता येते. महाराजांचं चुकलं असं कुणी उघडपणे म्हटलेलं ऐकलंय का? तिन्ही ठिकाणी टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

प्रश्न: सासऱ्यांना दोन एकर ऊस आश्रमाला द्यायचाय. — वाळवा तालुका

आधी जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची, ते सातबारा आणि जुन्या फेरफारांवरून पाहा. वडिलोपार्जित असेल तर सासऱ्यांना इतरांचा हिस्सा देऊन टाकता येत नाही. स्वकष्टाची असेल तर देता येते. मात्र बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं आणि त्यावर किमान दोन साक्षीदार हवेत. शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला द्यायला कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि आश्रम सहसा शेतकरी नसतो. म्हणून पुष्कळदा दस्त शेतकरी असलेल्या एखाद्या ‘सेवका’च्या नावानं होतो. तिथंच डोळा ठेवा. कुलमुखत्यारपत्रावर सही झालीय का, हेही विचारा. दस्त होऊन गेला असेल तर फेरफाराची नोटीस निघाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घ्या. तलाठ्याला तोंडी सांगितलेली हरकतही कायद्यात चालते, पण लेखीच द्या आणि पोच घ्या. पण फेरफार अडला म्हणून दस्त रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी दावाच लागतो. गुरू-शिष्याच्या नात्यातला अनुचित प्रभाव हा करार कायद्याच्या कलम १६ खाली मांडता येतो. सासऱ्यांना वेडं ठरवायला मात्र जाऊ नका. खटला हराल आणि सासरे कायमचे तिकडं जातील.

प्रश्न: बुवानं वडिलांची इन्सुलिन बंद करायला लावलीय. — वाई

अंक वाचून होताच डॉक्टरांकडे न्या. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यांच्या जिवावर हे काही दिवसांत बेततं. उलट्या, धाप, फार तहान, गुंगी यांपैकी काही दिसलं तर १०८ बोलवा. वडिलांना ‘अंगारा सोडा’ म्हणू नका. ‘अंगाराही लावा, सुईही घ्या’ म्हणा. आज सुई टोचली जाणं महत्त्वाचं.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं कैद, ५ हजार ते ५० हजार रुपये दंड, गुन्हा अजामीनपात्र. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर उपचार रोखणं त्यात स्पष्ट आहे. मधुमेहाचं नाव नाही, पण चमत्काराच्या नावानं पैसे उकळून फसवणूक झाली असेल तर ते त्यात बसतं. त्यामुळे तक्रारीत रकमा आणि तारखा लिहा. नुसतं ‘भोंदू आहे’ लिहून भागत नाही.

प्रश्न: भाऊ सहा वर्षांनी परत आलाय. झोपत नाही, उदबत्तीच्या वासानंही घाबरतो. आई म्हणते देवऋषाकडून उतरवून आणू. — कराड

देवऋषी नको. एका बुवाच्या धाकातून सुटलेल्याला दुसऱ्याच्या हवाली करणं होईल ते. उदबत्ती, एखादी ओळ, टाळ्यांचा ठेका यानं मन क्षणात मागं जाणं हे अशा सुटकेनंतर नेहमीचं आहे. त्या वेळी त्याला आजची तारीख, खोलीतल्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणायला लावा, आणि उदबत्ती काही महिने घरात लावू नका. सहा वर्षं त्याचे निर्णय दुसऱ्यानं घेतले, म्हणून भाजी कोणती आणायची यावरही तो दाराशी पिशवी घेऊन उभा राहील. तुम्ही ठरवून देऊ नका. ‘मेथी की गवार?’ एवढंच विचारा आणि थांबा. ‘एवढा शिकलेला तू, फसलास कसा?’ हा प्रश्न पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. पहाटे चारला उठून बसत असेल तर उठू द्या, हळूहळू अर्ध्या-अर्ध्या तासानं सरकवा. दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत, मोफत आणि रात्रीही बोलता येतं. मरणाचा विषय निघाला तर दोन आठवडे थांबू नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे न्या.