जुन्या जिप्सीची उंची वाढवण्यापूर्वी

वाहनशंका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची मारुती जिप्सी किंग आहे. आजवर ती केवळ शेतावर जाण्यायेण्यासाठी वापरली. यापुढे मुळशी-ताम्हिणीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर आणि कोकणातल्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर ती न्यावी असा विचार आहे. गॅरेजवाल्यांनी पाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलवर चढवून गाडी पाच इंच उंच करण्याचा, ३० इंची टायर घालण्याचा आणि पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवण्याचा सल्ला दिला आहे. खर्च बराच आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गॅरेजने सुचवलेला क्रम आपण उलटा करावा, असे आम्हांला वाटते. उंची ही नजरेला लगेच दिसणारी गोष्ट असल्यामुळे ती आधी विकली जाते. परंतु वीस वर्षे जुन्या गाडीचा घात वाटेवर उंची कमी पडल्यामुळे क्वचितच होतो. तो होतो एखाद्या झिजलेल्या क्रॉसमुळे (शाफ्टच्या फिरत्या सांध्यामुळे), गळक्या सीलमुळे किंवा गंजून पातळ झालेल्या चेसिसमुळे. म्हणून पहिला खर्च गाडी मूळ स्थितीला आणण्यावर करावा.

गाडी जॅकवर घेऊन पुढचे चाक वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावे. खडखड जाणवली, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर हबचे बेअरिंग सैल आहे, आणि तसाच राहिला तर किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळते तिची) बेअरिंगे पाहावी लागतील. यानंतर दोन्ही डिफरन्शिअलचे (ॲक्सलच्या मधल्या, चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्यांचे) तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरलेले आहे. अशा वेळी केवळ तेल न बदलता सील आणि ब्रीदर (आतली हवा येण्याजाण्याची तोटी) तपासावेत. जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडून नसते, ती वेगळी टांगलेली असून दोहोंच्या मध्ये एक लहान शाफ्ट असतो. तिचे रबरी माउंट फाटले की केस चढावर जोर पडताच वळते, शाफ्टचा कोन बिघडतो, थरथर सुरू होते आणि कधी कधी गिअर आपोआप सुटतो. अनेक मालक हा गिअरबॉक्सचा दोष समजून गिअरबॉक्स उघडून बसतात. चेसिस पाहताना मागच्या पाट्यांच्या शॅकलची (पाटा चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीची) जागा आणि बॉडी माउंटच्या खालचा भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावा, कारण वरून मारलेल्या काळ्या रंगाखाली गंज बेमालूम लपतो. कोकणात राहिलेल्या गाडीच्या बाबतीत तर ही तपासणी टाळूच नये.

आता उंचीकडे वळू. पाटे कसेही बसवले, तरी डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून एक सुतानेही वर जात नाही. तो वर जातो तो फक्त मोठ्या टायरने. पाटे चढवल्याने बॉडी आणि चेसिस उंच होतात, मोठ्या टायरला जागा मिळते, चढणीचा आणि उतरणीचा कोन सुधारतो. परंतु दगडाला प्रथम लागणारी वस्तू असते तेथेच राहते. कारखान्यातून आलेल्या जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी पाच इंचांच्या आसपास उचलली जाते, हे खरे आहे. मात्र त्याबरोबर स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून खड्ड्यात गाडी आपोआप बाजूला ओढू लागते, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो, ब्रेकचे रबरी होज अपुरे पडतात आणि लो गिअरमध्ये जोर दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात. हे सगळे निस्तरण्यासाठी ड्रॅग लिंकची नवी मांडणी, ॲक्सलवरच्या पाट्यांच्या बैठकी योग्य कोनात नव्याने वेल्ड करणे, लांब होज आणि लांब शॉकअप असा संच करावा लागतो. यांतले एखादे काम जरी सोडले, तरी गाडी घाटात चालवण्यालायक राहत नाही. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर अरुंद जिप्सी कलंडण्याची शक्यता वाढते ती वेगळीच.

आपण सांगितलेल्या वाटांसाठी याची गरज आम्हांला दिसत नाही. वीस वर्षांत पाटे बसलेले असणार, हे जवळपास निश्चित आहे. नवीन मूळ पाटे, नवी बुशे आणि चांगले शॉकअप एवढ्याने गमावलेली उंची बरीचशी परत मिळते. जुन्या पाट्यांना पाटेवाल्याकडून पुन्हा कमान देऊन घेण्याचा मार्ग स्वस्त आहे. पण योग्य उष्णताप्रक्रिया न करता नुसते ठोकून दिलेली कमान एका पावसाळ्यात पुन्हा बसते. जादा पाटा टाकून उंची मिळवणे तर टाळावेच. रिकामी जिप्सी जेमतेम एक टनाची असते, आणि कडक झालेल्या पाट्यांमुळे तिची चाके खड्ड्यात खाली उतरण्याऐवजी हवेत लटकतात. लांब शॅकलनेही थोडी उंची मिळते, पण शॅकलची लांबी जेवढी वाढवाल त्याच्या निम्मीच; आणि पुढच्या बाजूला तसे केल्यास ॲक्सलचा कोन बदलून स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भरकटू लागते.

टायरचा हिशेब कागदावर मांडला की ३० इंची टायरचा मोह आपोआप कमी होतो. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ या मूळ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ घातल्यास तो सुमारे ७०४ होतो, म्हणजे ॲक्सल १८ मिलिमीटरने वर जातो. २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३४, म्हणजे ३३ मिलिमीटरची वाढ. ३० इंची टायर ७६२ मिलिमीटरचा असतो; त्यात ४७ मिलिमीटर मिळतात खरे, पण चाकाचा घेर १४ टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाल्यासारखा वागतो. आपल्या गाडीचे १२९८ सीसीचे इंजिन ८० अश्वशक्तीचे असले, तरी त्याचा जोर वरच्या फेऱ्यांवर येतो, आणि जिप्सीचा लो रेंज (ट्रान्सफर केसमधला अवघड वाटेसाठीचा हळू गिअर) हाय रेंजच्या तुलनेत केवळ १.६ पटींच्या आसपास खाली आहे. इतर अनेक फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हा फरक अडीच पटींच्या घरात असतो. त्यामुळे मोठ्या टायरची जिप्सी खडकाळ चढावर हळू चालवताच येत नाही, क्लच जाळत किंवा वेग घेऊन उड्या मारत न्यावी लागते. वेगदर्शकाचा काटाही कमी दाखवू लागतो. ३० इंची टायरवर तो ६० दाखवेल तेव्हा गाडी ६८ च्या आसपास धावत असेल.

म्हणून आपण २१५/७५ मापाचे चांगल्या खाचांचे ऑल-टेरेन टायर घ्यावेत आणि उरलेला फायदा हवेच्या दाबातून मिळवावा. डांबरी रस्त्यावर २६ ते २८ पीएसआय ठेवत असाल, तर दगडधोंड्यांच्या वाटेवर १८ पर्यंत आणि चिखलात १५ पर्यंत उतरवल्याने टायर पसरतो, दगडाला धरून बसतो आणि गाडीतली आदळआपट निम्म्यावर येते. त्याहून फार खाली गेल्यास वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. विश्वासार्ह दाबमापक आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर या दोन वस्तू गाडीत असल्याच पाहिजेत, कारण एवढ्या कमी हवेवर डांबरी रस्त्याला लागणे धोक्याचे आहे. कोकणातला जांभ्याचा लाल चिखल निसरडा असला, तरी खाली बहुधा टणक असतो. त्यामुळे तेथे मध्यम खाचांचे टायर चालून जातात. देशावरची काळी चिकण माती मात्र कोणत्याही टायरच्या खाचा क्षणात भरून टाकते. त्या मातीत मड-टेरेन टायरलाही मर्यादा आहेत, आणि पावसात रान भिजलेले असताना गाडी बांधावरच उभी करणे शहाणपणाचे.

विंचचे पैसे तूर्त वाचवावेत. त्याऐवजी पुढे आणि मागे चेसिसला भक्कम बोल्टने जोडलेले ओढण्याचे हूक बसवून घ्यावेत, जोडीला लवचीक दोर आणि तो अडकवण्याच्या दोन लोखंडी कड्या (यांनाही शॅकल म्हणतात) ठेवाव्यात, आणि दुसऱ्या गाडीशिवाय अवघड वाटेला जाऊ नये. ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवून गाडी कधीही ओढू नये. तो गोळा तुटला तर थेट काच फोडून आत येतो. पुढे विंच घ्यायचाच झाला, तर त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी असावी, आणि पूर्ण भाराखाली तो शेकडो अँपिअर खेचतो हे लक्षात घेऊन आधी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासावेत.

प्रश्न : माझी २०१६ ची महिंद्रा थार सीआरडीई आहे. पुढच्या टॉर्शन बारचे (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट आवळून गाडी दोन इंच वर घेता येते, असे मेकॅनिकने सांगितले. खर्चही जवळपास शून्य आहे. करावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बोल्ट आवळल्याने गाडी वर दिसते, हे खरे, परंतु चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. गाडी जेवढी वर जाते तेवढा चाकाचा खाली उतरण्याचा प्रवास कमी होतो. परिणामी खड्डा आला की चाक खाली उतरत नाही, हवेत राहते, आणि पकड जाते. ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या, कोनात वळणाऱ्या सांध्यांचे) कोन वाढल्यामुळे त्यांची रबरी बुटे फाटू लागतात, आणि एकदा बूट फाटून आत लाल माती गेली की जॉइंटचे आयुष्य फारसे उरत नाही. पुढचा भाग भार वाहून वाहून खाली बसला असेल, तर तो मूळ उंचीपर्यंत आणण्यापुरते आवळून चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे; त्यापलीकडे जाऊ नये. आपल्या गाडीत मागे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल (एक चाक घसरले तरी दोन्ही चाके एकत्र फिरवणारे) असल्यास तो लाभ उंचीपेक्षा कितीतरी मोठा आहे. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो स्वतःहून लॉक होतो. म्हणून चाक घसरू लागताच लगेच पाय काढून घेण्याऐवजी ॲक्सिलरेटर क्षणभर स्थिर धरून ठेवावा, खट् असा आवाज येऊन गाडी पुढे सरकते.

प्रश्न : जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपला स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा नळ) बसवल्यास ओढे-नद्या पार करता येतील का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : स्नॉर्कल इंजिनाच्या श्वासापुरता उपयोगी आहे, तोही एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद असेल तरच. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांवर तो शोभेचा नळ असतो. त्याआधी करण्याचे काम स्वस्त आहे. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर आणावी. तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. नळी असल्यास पाण्याऐवजी हवा ओढली जाते. पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, हीटर प्लग काढून इंजिन फिरवावे आणि पाणी बाहेर पडू द्यावे. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर खोली असेल, तर आमच्या मते कोणत्याही साधनासह उतरू नये.

प्रश्न : असे बदल केलेल्या, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा होते का? पोलिस अडवतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. गाडीचे मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला फेरफार हा कायद्याच्या दृष्टीने बदल होय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लोखंडी बुल बारविरुद्ध (बंपरपुढे लावलेल्या जाड दांड्यांविरुद्ध) कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. नवे पाटे, शॉकअप, ब्रीदरच्या नळ्या, निर्मात्याने मान्य केलेल्या मापाचे टायर ही देखभाल झाली. पाच इंचांची उंची, बदललेले इंजिन, कापलेली बॉडी हे बदल. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते आणि त्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते, तेव्हा हा फरक नेमका समोर येतो. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलांमुळे अपघाताचा दावा अडकू शकतो, याकडेही लक्ष असावे.

वाटेचा प्रश्न वेगळा आहे, पण तो विचारला जात नाही म्हणून येथे लिहितो. कोयना किंवा चांदोलीसारख्या संरक्षित क्षेत्रात वनखात्याच्या परवानगीविना गाडी नेणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी उतरवल्यास गुन्हे दाखल होतात. राखीव वन सोडून उरलेल्या बहुतेक माळरानांना मालक असतो. त्याची परवानगी आधी घ्यावी, पेरणीनंतर जाऊ नये, आणि चाकांनी पाडलेले चर निघण्यापूर्वी फावड्याने बुजवावेत. पुढच्या पावसात त्याच चरांतून बांध फुटतो.