झेंडू महागला, तरी खपला कसा?

प्रश्न : मी बारावी वाणिज्य शाखेत शिकते. मागणीच्या नियमाप्रमाणे किंमत वाढली की मागणी घटायला हवी. परंतु दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईबरोबर जांभळी नाक्यावर गेले, तेव्हा झेंडूचा भाव एरवीच्या दुप्पट होता आणि तरीही बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. क्लासमध्ये विचारले, तर 'हा नियमाचा अपवाद आहे, तसे लिही' असे सांगण्यात आले. पण पुस्तकातील अपवादांत सणाचा उल्लेख नाही. उत्तरपत्रिकेत काय लिहावे?
– एक विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : पुस्तकात तो उल्लेख नाही, कारण हा अपवाद नव्हेच. नियमाच्या आरंभीचे 'इतर परिस्थिती कायम असताना' हे चार शब्द विद्यार्थी पाठ करतात आणि उदाहरण समोर आले की नेमके तेच विसरतात. दसऱ्याला इतर परिस्थिती कायम नसते. एरवी ज्या घरात देवापुरती चार फुले लागतात, तिथे त्या दिवशी दाराला तोरण, गाडीला हार आणि दुकानाच्या गल्ल्यालाही माळ हवी असते. म्हणजे भाव वाढण्याआधीच, प्रत्येक किमतीला लोक अधिक फूल मागू लागलेले असतात. यालाच मागणीतील वृद्धी म्हणतात आणि आकृतीत मागणीचा संपूर्ण वक्र (प्रत्येक किमतीला किती मागणी असते हे दाखवणारी रेषा) उजवीकडे सरकतो. भाववाढ हा त्या सरकण्याचा परिणाम आहे. तुम्ही परिणामालाच कारण मानले, म्हणून नियम खोटा वाटला.

नियम त्या गर्दीतही चालूच होता. समजा, झेंडू ८० रुपये किलो असता तर आईंनी एक किलो घेतला असता. १६० रुपये ऐकल्यावर त्यांनी अर्ध्या किलोवर भागवले आणि उरलेल्या तोरणात आंब्याची पाने ओवली. केवळ किंमत वाढल्याने झालेली ही घट म्हणजे मागणीचा संकोच असून तो दसऱ्याच्या नव्या वक्रावरच घडतो. तुलना दसऱ्याच्या दोन किमतींची करावी. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारची आणि दसऱ्याची नव्हे.

खरा अपवाद वेगळा असतो. इंग्लंडमधील गरीब मजुरांची कुटुंबे पाव महागल्यावर मांसासारखे महागडे पदार्थ कमी करून पावच अधिक खात, हे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट गिफेन यांच्या नावे नोंदवले; तिथे किंमतवाढ हेच मागणी वाढण्याचे कारण होते. झेंडूच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. महागला म्हणून झेंडू कोणी जास्त घेत नाही!

परीक्षेत 'सहमत आहात काय?' या प्रश्नप्रकारात 'सणाची खरेदी हा नियमाचा अपवाद आहे' असे विधान आले, तर 'असहमत' लिहून आधी कोणता इतर घटक बदलला ते सांगावे आणि मगच आकृतीकडे वळावे. 'क्ष' अक्षावर मागणी, 'य' अक्षावर किंमत घ्यावी. संकोच दाखवताना एकच वक्र, वृद्धी दाखवताना दोन. वृद्धीच्या आकृतीत पुस्तक किंमत स्थिर धरते, ती केवळ वक्राचे सरकणे वेगळे काढून दाखवण्यासाठी धरलेली असते. तीही तशीच धरावी.

पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी उशिरा पुन्हा त्याच नाक्यावर जाऊन पाहा. विक्रेता तोच झेंडू मिळेल त्या भावाला देत असेल, कारण नाशवंत मालाचा साठा राखून ठेवता येत नाही. पुरवठ्याच्या प्रकरणातील साठा (विक्रेत्याजवळचा एकूण माल) आणि पुरवठा (त्यातला, दिलेल्या किमतीला विकायला काढलेला भाग) यांच्यातील फरक तिथेच टोपलीच्या तळाशी दिसेल.