पहिला अर्धा तास

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंडोनेशियातल्या मेंतावाई बेटांवर सर्फिंगला जायचं नक्की झालं, तिकिटं काढून झाली, बोर्डही नवा घेतलास. शेवटी तू विचारलंस, "प्रवाळाच्या रीफवर पहिल्यांदा उतरताना सगळ्यांत महत्त्वाचं काय?" आधी थोडक्यात सांगतो, मग सविस्तर लिहितो. पहिला अर्धा तास एकही लाट घेऊ नकोस. चॅनेलमध्ये, म्हणजे रीफच्या कडेला लाटा फुटत नाहीत त्या खोल पाण्यात, बोर्डवर बस आणि नुसती बघत राहा.

तू म्हणशील, एवढ्या लांब जायचं आणि बघत बसायचं? हो. त्या अर्ध्या तासात जे कळतं ते नाहीतर नंतर रीफ स्वतः शिकवते, आणि तिचं शिकवणं फार महाग पडतं.

तू वाळूच्या तळावर शिकलीस. तिथली वाळू सरकत राहते, काल जिथे छान लाट फुटत होती तिथे आज काहीच नसतं. पडलीस तरी अंगाला फार तर वाळू लागते. प्रवाळाचा तळ जागचा हलत नाही. रीफवरची लाट वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी उठते, त्याच ठिकाणी फुटते आणि त्याच ठिकाणी संपते. म्हणूनच जगभरातून लोक तिथे जातात. पण त्याच कारणाने ती लाट वाचता येते, पाठ करता येते. बघून शिकण्यासारखं इतकं काही वाळूच्या किनाऱ्यावर कधीच मिळत नाही.

तुझ्यासमोर उठणारी लाट कुठून येते हे एकदा नीट समजून घे. दक्षिण हिंदी महासागरात, पार खाली थंड पाण्यात वादळं होतात. त्या वाऱ्याने उठलेला स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटांची रांग, सुमारे पाच हजार किलोमीटर चालत मेंतावाईपर्यंत येतो. पीरियड म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ. १६ सेकंदांच्या पीरियडचा स्वेल खोल समुद्रात ताशी साधारण ४५ किलोमीटर पुढे सरकतो, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचायला त्याला चार-पाच दिवस लागतात. वाटेत लाटांची निवड होत जाते. लांब पीरियडच्या लाटा जोरात धावतात, त्या आधी पोचतात. म्हणून नवा स्वेल येतो त्या सकाळी समुद्र बराच वेळ शांत दिसतो. मग एकदम तीन-चार मोठ्या लाटांचा सेट येतो आणि पुन्हा सगळं सपाट. दोन सेटमध्ये पंधरा-वीस मिनिटंही जातात. पाच मिनिटं बघून "आज लहान आहे" म्हणत आत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढचा सेट आला तेव्हा ती नेमकी नको त्या जागी होती. अर्धा तास हा आकडा यातूनच आला आहे. निदान दोन सेट तरी डोळ्यांखालून जायला हवेत.

लाटांच्या अंदाजाच्या तक्त्यात नुसती उंची बघू नकोस, ही चूक सगळेच करतात. उंचीच्या रकान्यात दोन्ही दिवशी १.५ मीटरच असेल, पण एका दिवशी पीरियड १० सेकंद आणि दुसऱ्या दिवशी १६. हे दोन दिवस म्हणजे दोन वेगळे समुद्र समज. १० सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात १५६ मीटर असते आणि तिला साधारण ७८ मीटर खोलीवर तळ जाणवू लागतो. १६ सेकंदांच्या लाटेची लांबी ४०० मीटर, तिला २०० मीटरवरच तळ जाणवतो. पाण्याचा केवढा मोठा भाग ती सोबत ओढून आणत असते! त्यात रीफचा कडा खोल पाण्यातून एकदम वर येतो. लांब उथळ किनाऱ्यावर लाट रखडत, जोर गमावत येते, इथे तिला जोर गमवायला जागाच मिळत नाही. तिचा खालचा भाग अडतो, वरचा पुढे फेकला जातो, आणि आपण सगळे जिच्यामागे वेडे असतो ती पोकळ नळी तयार होते.

आता बसल्या बसल्या बघायचं काय ते सांगतो. लाट पहिल्यांदा कुठे उभी राहते ते बघ. मग किनाऱ्याकडे बघून दोन खुणा धर, एक जवळची, एक लांबची. एखादं झाड आणि त्याच्या मागे टेकडीतली खाच. ती दोन्ही एका रेषेत आली की तू जागेवर आहेस. पाण्यात खुणा नसतात, करंट तुला नकळत सरकवत असतो, आणि वीस मीटर आत सरकलीस तर सेट तुझ्या डोक्यावर फुटतो. मग लाट संपते कुठे ते बघ. ही गोष्ट तर सुरुवातीच्या जागेहूनही नीट बघ. शेवटच्या टप्प्यात पाणी रीफवरून निथळतं का, तपकिरी खडक उघडा पडतो का? लाट यायच्या आधी पाणी समुद्राकडे ओढलं जातं, तेव्हा पृष्ठभागावर कुठे कुठे गोल, गुळगुळीत चकती उमटते, जणू खाली काही उकळतंय. त्याला बॉइल म्हणतात. तिथे तळाशी प्रवाळाचा उंचवटा आहे असं समज आणि प्रत्येक बॉइलची जागा लक्षात ठेव. आणि पाण्यातली माणसं बघ. ती कुठून बाहेर जातात, कुठे लाट सोडून देतात, कुठे कधीच बसत नाहीत.

हे सगळं मला ठाऊक असूनही एकदा मी ते केलं नाही. सिपोरा बेटाच्या दक्षिण टोकाला, काटिएट गावासमोर लान्सेस राइट नावाची लाट आहे. लान्स नाइट या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा सर्फ केली, त्याच्यावरून हे नाव पडलं. लाटेच्या शेवटी रीफचा एक उथळ सपाट ओटा आहे. त्याला सर्फर 'सर्जन्स टेबल' म्हणतात, शस्त्रक्रियेचं टेबल. नावातच सगळं आलं. त्या दिवशी ओहोटी लागली होती. माणसं एकेक करून बोटीकडे परतत होती. मला वाटलं, बरं झालं, गर्दी कमी झाली. ती का परतताहेत हा प्रश्न मनात आलाच नाही. तेव्हा माझी खूण एक वाकडा माड होता. त्या माडाच्या रेषेत मी बसून राहिलो, आणि सकाळपासूनच्या सगळ्यांत सुंदर लाटेवर उभा राहिलो. वेळीच बाहेर पडलो नाही. माझ्या खालचं पाणी अक्षरशः निघून गेलं. डावी टाच आणि कुल्हा प्रवाळावर घासले. बोटीवर येऊन पाहिलं तर टाचेवर किसणीवरून ओढल्यासारख्या आठ-दहा समांतर रेघा होत्या. फार खोल नव्हत्या. वरून मलम लावलं, पट्टी बांधली आणि झोपलो.

खरी चूक तीच. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, तापाने अंग भाजू लागलं आणि घोट्यापासून गुडघ्याकडे एक लाल रेघ चढत गेली. तिथून सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या पादांग शहरातल्या इस्पितळापर्यंत बोटीने कित्येक तास लागतात. तो प्रवास मी आजही विसरलेलो नाही. प्रवाळाच्या जखमेत बारीक कण, चिकट पदार्थ आणि जिवाणू राहतात, म्हणून ती त्याच तासात धुवायची असते. स्वच्छ, पिण्याच्या पाण्याने भरपूर धू, साबण लाव, मऊ ब्रशने घास. डोळ्यांत पाणी येईल, तरी घास. कण चिमट्याने काढ, जंतुनाशक लाव आणि रोज उघडून बघ. सूज, पू, ताप किंवा लाल रेघ दिसली तर एक दिवसही थांबू नकोस. धनुर्वाताची लस जाण्याआधी घे. मेंतावाईत मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचार, कारण काही गोळ्या निघण्याच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

पडायचंही शिकावं लागतं. रीफवर कधीही सूर मारून पडायचं नाही, पाय खाली सोडूनही नाही. अंग पसरून, जमेल तितकं सपाट पड, म्हणजे खोल जाणार नाहीस. पाण्यात गेल्यावर दोन्ही हातांनी डोकं झाक. वर येताना एक हात डोक्याच्या वर ठेव, बोर्ड तिथेच असू शकतो. तळाला पाय टेकून उभं राहण्याचा मोह होईल, तो टाळ. सेटने आत ढकललंच तर समोरून पुन्हा बाहेर पडायची झुंज घेऊ नकोस. बोर्डवर पोटावर पडून राहा, फेसाबरोबर आत जा आणि मग वळसा घालून चॅनेलमध्ये ये. लाटांनी रीफच्या आत ढकललेलं पाणी चॅनेलमधूनच समुद्रात परत जातं, त्यामुळे बाहेर जाताना ते तुला मदत करतं. दमल्यावर तेच पाणी बोटीपासून लांब नेतं, तेव्हा त्याच्याविरुद्ध नव्हे, आडवं पोहायचं. आणि हेल्मेट घाल. कुणी काही म्हटलं तर म्हणू दे.

भरती-ओहोटीचा तक्ता रोज बघ. तिथे पाणी साधारण मीटरभरच चढतं-उतरतं, पण उथळ रीफवर तेवढ्याने सगळा खेळ बदलतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी जास्त खाली जाते, भांगाच्या दिवसांत कमी. भरती लागलेली असताना उतरलीस तर दर तासाला तुझ्या पायाखाली थोडं जास्त पाणी येत असतं. पहिल्या दिवशी तीच वेळ निवड.

२०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ताहितीतल्या तेआहुपोओची लाट तू बघितलीस आणि त्यावर भरभरून लिहिलंस. पुरुषांचं सुवर्णपदक मिळवणारा काऊली वास्त ताहितीचाच, त्या लाटेवर लहानपणापासून खेळलेला. त्याने ती हजारो वेळा पाहिली आहे, आणि शिवाय स्पर्धेत चॅनेलमध्ये जेट-स्कीवर बचावपथक उभं होतं. तू जिथे जातेस तिथे तुझ्या बोटीतली माणसं हेच तुझं बचावपथक. म्हणून एकटी कधी उतरू नकोस, आणि बोटीत प्रथमोपचार कुणाला येतो, रेडिओ कसा चालतो, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून घे.

किनाऱ्यावर राहणार असशील तर आणखी एक गोष्ट विचार. उंच जागेकडे जाणारी वाट कुठली? २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री मेंतावाईजवळ भूकंप झाला. हादरे फार जोराचे वाटले नाहीत, पण ते बराच वेळ चालले, आणि त्यानंतर आलेल्या त्सुनामीत चारशेहून जास्त माणसं गेली. सौम्य असला तरी लांबलेला हादरा जाणवला तर कुणाच्या सूचनेची वाट बघू नकोस. सामान तिथेच टाक आणि वर चढ.

आणि हे सगळं कुणाचं तरी घर आहे. काटिएटची मुलं शाळेतून येऊन त्याच लाटेवर खेळतात. पीकच्या, म्हणजे लाट फुटू लागते त्या जागेच्या, सगळ्यांत जवळ असेल त्याची लाट हा नियम तुला ठाऊक आहेच, पण गावची मुलं पाण्यात असतील तर दोन लाटा जास्तीच्या सोड. हसून 'परमिसी' म्हण, तिकडे वाट मागताना तसं म्हणतात. सर्फिंगचा सरकारी कर असतो, तो भर. बोटीचा नांगर प्रवाळावर टाकू देऊ नकोस, बोट बांधायचा मुरिंगचा बोया मागून घे. मोठे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, एका नांगराने कित्येक दशकांची वाढ फुटते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची, घटना जाहीर केली. आधीच तापलेल्या पाण्यात तग धरून असलेल्या जीवांवर आपण तरी भार टाकू नये. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली उन्हाची क्रीम नको, पलाऊ या बेटांच्या देशाने तर २०२० पासून तिच्यावर बंदीच घातली आहे. झिंक ऑक्साइडचा जाड लेप लाव आणि लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाल.

सामानाचं फार लिहीत नाही. दोन लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), बोर्डाखालचे जास्तीचे फिन, बोर्ड दुरुस्तीचा रेझिन, आणि नेहमीच्या बोर्डापेक्षा थोडा लांब दुसरा बोर्ड. तिथे असलं काही सहज मिळत नाही.

एखाद्या सकाळी सगळं जुळलेलं असेल, वारा पडलेला, पाणी काचेसारखं, आणि तरीही तुझं मन नको म्हणेल. त्या दिवशी उतरू नकोस. कारण सांगायची गरज नाही, ना बोटीवरच्यांना, ना मला.

पहिल्या दिवशी चॅनेलमध्ये बसून जे दिसेल ते रात्री वहीत लिही. लाट कुठे उठली, बॉइल किती, खुणा कुठल्या धरल्यास. त्या पानाचा फोटो मला पाठव. किती लाटा घेतल्यास ते नंतर कळवलंस तरी चालेल. काटिएटला गेलीस तर तो वाकडा माड अजून उभा आहे का, तेवढं बघून ये.