सी प्रोग्रामिंग भाषेत फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना उत्तर नेहमी शून्य का येतं? व्हेरिएबल तर फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) घेतलाय.

तुमचं सूत्र बहुतेक ५ / ९ * (फ - ३२) असं असणार. गोची त्या ५ / ९ मध्येच आहे. दोन्ही आकडे इंटिजर (पूर्णांक) असले की सी भागाकारही इंटिजरच करतं आणि दशांशानंतरचं सगळं कापून टाकतं, राउंड करत नाही. म्हणजे ५ / ९ झालं ०, आणि शून्याला कशानेही गुणा! डावीकडे फ्लोट असून उपयोग नाही, कारण उजवीकडचा हिशोब आधी होतो, मग रूपांतर.

५ ऐवजी ५.० लिहा. दोघांपैकी एक दशांश असला की पुरे. १०० फॅरनहाइटला ३७.७८ च्या आसपास उत्तर यायला हवं. नुसतं (फ - ३२) * ५ / ९ असं क्रम बदलूनही शून्य जाईल, पण फ इंटिजर असेल तर ३७ वरच अडकाल. छापताना टक्का-एफ (%f, दशांशासाठी) वापरा, टक्का-डी (%d, पूर्णांकासाठी) नको.

जाता जाता % बद्दल: तो बाकी देतो, शेकडेवारी नाही, आणि फक्त इंटिजरवर चालतो. १७ / ५ म्हणजे ३, १७ % ५ म्हणजे २. सम-विषमच्या प्रोग्राममध्ये बरेच जण विषम ओळखायला २ ने भागून बाकी १ आहे का ते तपासतात. -७ % २ मात्र -१ देतं (सी ९९, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणापासून हे पक्कं ठरलेलं आहे), त्यामुळे बाकी शून्य नाही ना, एवढंच तपासा.