असंपृक्त म्हणजे ‘न जोडलेले’ का?

प्रश्न असा आहे : दहावीच्या कार्बनी संयुगांच्या पाठात एकेरी बंधांच्या हायड्रोकार्बनना, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांना, ‘संपृक्त’ म्हटले आहे आणि दुहेरी-तिहेरी बंध असलेल्यांना ‘असंपृक्त’. शब्दकोशात संपृक्तचा अर्थ ‘जोडलेले, मिसळलेले’ असा मिळतो. मग ज्यांत कार्बनचे अणू एकमेकांना दोन-दोन, तीन-तीन बंधांनी जोडलेले आहेत त्यांनाच ‘न जोडलेले’ का म्हणायचे? आणि हिंदीतला ‘संतृप्त’ त्याहून बरोबर नाही का?

शंका रास्त आहे. शब्दाचा अर्थ लावून पाहणाऱ्यालाच ती पडते, आणि नेमका तोच विद्यार्थी परीक्षेत संपृक्त-असंपृक्तची अदलाबदल करून बसतो.

आधी शब्द पाहू. संस्कृतात पृच् हा धातू आहे. अर्थ मिसळणे, जोडणे. ‘संपर्क’ त्यातूनच आला. लग्नात नवऱ्या मुलाला देतात तो ‘मधुपर्क’, म्हणजे मध घातलेले मिश्रण, तोही याच धातूचा. कालिदासाने पार्वती-परमेश्वरांना ‘वागर्थाविव संपृक्तौ’ म्हटले, तिथे अर्थ आहे शब्द आणि अर्थ यांच्यासारखे एकमेकांत मिसळून गेलेले, वेगळे न काढता येणारे. म्हणजे कोशातला अर्थ चुकीचा नाही.

पण मराठीत हा शब्द पुढे थोडा सरकला आहे. ‘भावसंपृक्त कविता’ म्हणतो तेव्हा भाव कवितेला नुसता जोडलेला आहे एवढेच सांगायचे नसते. ती भावाने भरून गेली आहे असे सांगायचे असते. ‘संपृक्त द्रावण’ हा याच अर्थाचा शास्त्रीय वापर. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यापुढे टाकलेले मीठ तळाशी बसून राहते. आता हे पाणी मिठाने संपृक्त झाले. इथे ‘कशाने?’ हे आपण न सांगताच समजून घेतो. हायड्रोकार्बनच्या बाबतीत हाच प्रश्न विचारायचा राहून जातो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

उत्तर आहे : हायड्रोजनने. कार्बन एकूण चार बंध करतो. इथेनमध्ये प्रत्येक कार्बनचा एक बंध शेजारच्या कार्बनशी आणि उरलेले तीन हायड्रोजनशी. एकूण दोन कार्बन, सहा हायड्रोजन. दोन कार्बनच्या सांगाड्यावर याहून जास्त हायड्रोजन बसूच शकत नाहीत. इथीनमध्ये दोन्ही कार्बननी एकमेकांशी दुहेरी बंध केला, म्हणून हायड्रोजन चारच. इथाइनमध्ये तिहेरी बंध, हायड्रोजन दोनच. तिन्ही ठिकाणी कार्बनचे चार बंध पुरे झालेले आहेत, कुठेही कोणी ‘न जोडलेले’ नाही. कमी पडतो तो हायड्रोजन. तेव्हा ‘असंपृक्त’ वाचताना मनात ‘हायड्रोजनने’ हा शब्द जोडून वाचा, कोडे सुटते.

आता ‘संतृप्त’. इंग्रजी ‘सॅच्युरेटेड’च्या मुळाशी लॅटिन ‘सातुर’ आहे, म्हणजे पोट भरलेला. हिंदीने तो अर्थ जसाच्या तसा उचलला. बंगालीत मात्र आपल्यासारखेच ‘संपृक्त’ चालते, त्यामुळे मराठीने काही विचित्र निवड केली असे समजू नये. मराठीतही ‘तृप्त’ आणि ‘अतृप्त हायड्रोकार्बन’ अशी जोडी काही लेखनात आढळते. मला स्वतःला ही जोडी फार आवडते, कारण ती नुसती रचना सांगत नाही, वागणूकही सांगते. पंगतीत पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरतो, भुकेला आणखी वाढून घेतो. इथेन आणि इथीन ब्रोमिनपुढे तसेच वागतात. इथीन ब्रोमिनच्या तांबूस पाण्यातून सोडले की रंग जातो, कारण दुहेरी बंधातला एक बंध सुटून दोन्ही कार्बनना ब्रोमिन चिकटतो. आधीचा एकही अणू बाहेर जात नाही. ही समावेशन अभिक्रिया. इथेनने रंग जात नाही. त्याला सूर्यप्रकाशात ब्रोमिन घ्यायला लावले, तर आधी हायड्रोजन सोडावा लागतो; ते प्रतियोजन. दुहेरी आणि तिहेरी बंधांनाही क्रियात्मक गटांत, म्हणजे रेणूची वागणूक ठरवणाऱ्या भागांत, का मोजतात, तेही यावरून कळावे. रेणूचा स्वभाव तिथून ठरतो.

तरीही मी दहावीच्या मुलांना ‘संपृक्त’ सोडा असे सांगणार नाही. द्रावणासाठी तो रुळला आहे आणि दोन्हीकडे एकच शब्द असणे सोयीचे आहे.

स्वयंपाकघरातल्या तेलातुपालाही हेच शब्द लागतात, आणि तिथे आणखी एक बारकावा आहे. तेलातुपाचे रेणू ज्यांपासून बनतात त्या लांब साखळ्यांच्या आम्लांना मेदाम्ले म्हणतात. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल या दोन्ही मेदाम्लांत १८ कार्बन असतात. पहिल्यात ३६ हायड्रोजन, दुसऱ्यात ३४, कारण मध्ये एक दुहेरी बंध. पहिले सुमारे ६९ अंशांना वितळते, दुसरे १३ अंशांच्या आसपास. सरळ साखळ्या एकमेकींना लगटून बसतात. दुहेरी बंधापाशी वाकलेल्या साखळ्यांना ते जमत नाही. म्हणून संपृक्त मेदाम्ले जास्त असलेले खोबरेल थंडीत गोठते आणि असंपृक्त जास्त असलेले करडईचे तेल पातळच राहते. निकेलच्या मदतीने तेलाला हायड्रोजन पाजला की ते घट्ट होते, तेच वनस्पती तूप. ‘डालडा’ १९३७ साली बाजारात आला तो याच प्रक्रियेने बनून. जवसाच्या तेलात दुहेरी बंध इतके असतात की ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि त्याचा पापुद्रा धरतो. तैलरंगांत ते वापरतात ते यासाठी.

बारकावा असा : स्टिअरिक आम्लाच्या टोकाला त्याला आम्लपणा देणारा कार्बोक्झिलिक गट आहे, आणि त्यात कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध आहेच. तरी त्याला संपृक्त मेदाम्ल म्हणतात. इथे हिशेब फक्त कार्बन-कार्बन बंधांचा धरायचा. ‘दुहेरी बंध दिसला की असंपृक्त’ असे पाठ केलेले मूल इथे हमखास अडखळते. ‘कार्बन-कार्बन’ हे दोन शब्द व्याख्येतून कधीही गाळू नयेत.

नुसत्या रेणुसूत्रावरही जाऊ नये. सहा कार्बन, बारा हायड्रोजन हे सूत्र हेक्झीनचे आहे आणि सायक्लोहेक्झेनचेही. हेक्झीनने ब्रोमिनचा रंग उडतो. सायक्लोहेक्झेनने उडत नाही. त्याचे दोन हायड्रोजन साखळी मिटून कडे करण्यात गेले आहेत, दुहेरी बंध कुठेच नाही, म्हणून ते संपृक्त.

आणि बेंझीन? फॅरेडेने १८२५ मध्ये ते वेगळे केले. सहा कार्बनना सहाच हायड्रोजन, म्हणजे हायड्रोजनची टंचाई भरपूर. ‘अतृप्त’ शब्दाप्रमाणे त्याने ब्रोमिनवर तुटून पडायला हवे, पण ब्रोमिनचा रंग ते घालवत नाही. लोहक्षाराचे उत्प्रेरक घालून ब्रोमिन दिला, तर एक हायड्रोजन सोडून एक ब्रोमिन घेते, म्हणजे वागते संपृक्तासारखे. हायड्रोजनच्या हिशेबाने असंपृक्त आणि वागणुकीने तृप्त असे हे प्रकरण या जोडशब्दांत मावत नाही, म्हणून अशा संयुगांना ‘ॲरोमॅटिक’ हा स्वतंत्र वर्ग दिलेला आहे.