पडद्यावरचा पेले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'पेले द कॉन्करर' ही डॅनिश कादंबरी वाचून मग चित्रपट दाखवायचा आमच्या वाचनगटाचा विचार आहे. चारही भाग वाचायला हवेत का?
(वाचनगट, कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : नाही, पहिला पुरे. मार्टिन अँडरसन नेक्सो यांची ही कादंबरी १९०६ ते १९१० दरम्यान चार भागांत आली. दिग्दर्शक बिले ऑगस्ट यांनी १९८७ च्या चित्रपटासाठी त्यातलं फक्त बालपण घेतलं. स्वीडनमधून पोटासाठी डेन्मार्कच्या बोर्नहोल्म बेटावर आलेला म्हातारा लासे, त्याचा मुलगा पेले आणि जमीनदाराच्या गोठ्यातली चाकरी, एवढाच त्याचा पैस. पुढच्या भागांत चांभाराकडची उमेदवारी, कोपनहेगनमधला कामगारलढा आणि तुरुंगानंतरची सहकारी चळवळ येते. कॉन्करर म्हणजे विजेता, त्यामुळे 'हा विजेता कसला?' असं चर्चेत कोणी ना कोणी विचारणारच. त्याचा विजय उरलेल्या तीन भागांत आहे; चित्रपटात तो नुसता घराबाहेर पडतो. हे आधीच सांगून टाका, चर्चा भरकटणार नाही.

वाचताना लासेवर लक्ष ठेवा. धमक्या मोठ्या, पण वेळ आली की शेपूट घालणारा हा बाप मॅक्स फॉन सिडो यांनी असा उभा केलाय की चित्रपट निम्मा त्याचाच होतो. ऑस्करचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन त्यांना याच भूमिकेसाठी मिळालं. चित्रपटाला १९८८ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मग परभाषिक चित्रपटाचं ऑस्करही. पेलेचं काम करणाऱ्या मुलाचं नावही पेलेच. ते याच कादंबरीवरून ठेवलेलं!

प्रश्न : मराठी सबटायटल्स आम्हीच तयार केली. सुरुवातीला जुळतात, नंतर संवादाच्या आधीच येतात. असं का?

उत्तर : वेग जुळत नाही. चित्रपटाची लांबी कुठे १५७ मिनिटं दिसते, कुठे १५०. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) चित्रपट २५ च्या वेगाने चालवला की जवळपास एवढाच फरक पडतो. कात्री लागलेली असेलच असं नाही. तुम्ही वेळा २५ च्या प्रतीवरून घेतल्या असणार आणि दाखवताय २४ ची. तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांची तफावत पडते.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून हे सुटत नाही, कारण ती सगळ्या ओळी सारख्याच सरकवतात. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून फ्रेम रेट २५ वरून २४ करा, प्रत २३.९७६ ची असेल तर तो आकडा टाका. मग पहिला आणि शेवटचा, दोन्ही संवाद तपासा. फक्त पहिला तपासून लोक फसतात.

फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं साठवायच्या पद्धतीतच) साठवा. अक्षरांचा कचरा दिसला तर एन्कोडिंग चुकलंय, चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही. एका वेळी दोनच ओळी. अक्षरांना काळी कड द्याच. बर्फाच्या प्रसंगांत नुसती पांढरी अक्षरं विरून जातात.

प्रश्न : नायक लहान मुलगा आहे, तर बालवाचकांनाही बोलवावं का?

उत्तर : नको. मुलाचा अपमान, मारहाण, नवजात बाळाचा मृत्यू, जमीनदाराच्या बायकोने घेतलेला भयंकर सूड, सगळं आहे. पंधरा-सोळाच्या पुढची मुलं चालतील. आणि घरगुती डीव्हीडीवर सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. प्रवेश मोफत असला तरी हक्कधारकांची लेखी परवानगी आधी मागवा.